वाढत्या हाताचं माप

मी हातमोजा बोलतोय. जोडीतला डावा. उजव्यानं माझ्यापेक्षा जास्त काम केलंय, त्यामुळे तो जास्त थकलाय. म्हणून सांगायचं काम त्यानं माझ्यावर सोपवलं आहे.

खरं तर सुरुवात माझ्या जन्मापासून करायला हवी, पण ही गोष्ट सुरू होते ती श्रीदेवीच्या उडालेल्या झोपेपासून. मी तेव्हा तिच्या घरात नव्हतो. पण पुढे मला हातात घालून, फोन खांद्यात धरून, तिनं सोलापूरला आपल्या आईला हे इतक्यांदा सांगितलंय की मला ते पाठ झालं आहे. तीन रात्री तिला झोप लागली नाही. काळजी एकच होती: मुलीच्या हाताला माती लागू न देता मुलीला मातीत काम कसं करू द्यायचं?

मुलीचं नाव कमलिनी. घरात कमू. वय सहा. तिच्या तळहातांची कातडी लाल व्हायची, सोलवटायची, रात्रभर खाजायची. डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट करून पाहिले आणि सांगितलं, "ओली माती सोसत नाहीये हिला. आतून सुती आणि नीट मापाचे हातमोजे घालून काम जमत असेल तर करू दे. रबर कातडीला लागता कामा नये, आत घाम साचता कामा नये. नाही जमलं, तर वर्षभर मातीचं नाव काढायचं नाही. तीन आठवड्यांनी दाखवा."

दुसऱ्या कुणा आईनं "बरं" म्हणून मुलीला रंगपेट्या आणून दिल्या असत्या. श्रीदेवीला ते जमेना, कारण कमू शाळेत बोलत नसे. प्रगतिपुस्तकात दोन वर्षं तेच वाक्य येत होतं, वर्गात सहभाग घेत नाही. पाहुणे आले की ती पडद्यामागे जाई. ती बोलायची फक्त संध्याकाळी, गच्चीवर, कुंड्यांमध्ये बसून आज्जीशी. तिथे मात्र तास-तासभर, अर्धं मराठीत, अर्धं तमिळमध्ये, मधूनच वर्गातल्या बाईंच्या इंग्रजीची नक्कल करत. श्रीदेवी जिन्याच्या दारात उभी राहून ऐकायची. पुढे जायची नाही. आपण गेलो की ही गप्प होईल, अशी तिला भीती. आता माती बंद म्हणजे गच्ची बंद, आणि गच्ची बंद म्हणजे बोलणं बंद, असा तिनं हिशेब मांडला. ती शाळेत गणित शिकवते. काळजीसुद्धा ती पायरी-पायरीनं सोडवते. उत्तर नेहमी वाईटच येतं, पण पायऱ्या व्यवस्थित असतात.

आता माझ्याबद्दल.

तिरुप्पूरच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. तिथल्या यंत्रानं एका लांब सुती धाग्यातून मला करंगळीपासून मनगटापर्यंत सलग विणलं. मग एका धातूच्या हातावर मला चढवलं आणि हिरव्या, चिकट रबरी द्रावात तळव्यापर्यंत बुडवलं. फक्त तळवा आणि बोटं. पाठ उघडी ठेवली, वारा लागावा म्हणून. तो धातूचा हात हा माझ्यात शिरलेला पहिला हात. थंडगार होता आणि त्याला काही म्हणायचं नव्हतं. त्यामुळे माणसाचा हात आत आला की केवढं काय काय कळतं, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

माझ्या मनगटावर सहाचा आकडा छापला. शेजारच्या टोपलीतल्यांवर चार. ते मुलांच्या हातांचे, आम्ही मोठ्यांतल्या लहान हातांचे. एवढाच फरक, पण माझ्या सगळ्या आयुष्याचा घोळ त्या दोन आकड्यांमध्ये आहे.

तिथून मी मद्रासला, तिरुवल्लिकेणीत आलो, नारायणस्वामींच्या दुकानात. अरुंद गल्ली, वर एकट्या राहणाऱ्या नोकरदारांची जुनी मॅन्शन, खाली हे दुकान. वरची मंडळी कुलपं आणि कपडे वाळत घालायची दोरी न्यायला येत. बाकीचे लोक फावडी, झाऱ्या, निंबोळी पेंड, नारळाच्या भुशाच्या विटा. मी दाराजवळच्या खिळ्यावर लटकत होतो, माझ्या खालच्या खिळ्यावर चार नंबरचा एक जोड. आम्हाला कुणी विचारत नसे. इथे माणसं मातीत हात घालतात, मग धुतात, आणि विषय संपतो.

माझ्या आधी श्रीदेवीच्या घरात तीन जोड होऊन गेले होते, तेही सांगतो. पहिला ऑनलाईन मागवलेला, त्यावर बेडकांची चित्रं. दिसायला गोड, पण आतून निव्वळ प्लास्टिक. मद्रासच्या हवेत दहा मिनिटांत कमूचे हात भिजवलेल्या बदामांसारखे सुरकुतून बाहेर आले. दुसरा भांडी घासायचा रबरी, मनगटाला रबरबँड लावून. त्या रात्री खाज दुप्पट. तिसरा जोड विजयेंद्र घेऊन आला, म्हणजे श्रीदेवीचा नवरा, कमूचा अप्पा. तो एन्नोरला वीज केंद्रात कामाला आहे. त्यानं मोठ्या अभिमानानं चामड्याचे हातमोजे टेबलावर ठेवले.

"वेल्डर वापरतात," तो म्हणाला. "ठिणगीसुद्धा आत जात नाही."

"विजू, ती मेथी पेरते," श्रीदेवी म्हणाली. "जोडकाम करत नाही."

कमू ते घालून खेकड्यासारखे दोन्ही हात बाजूला धरून उभी राहिली. आता ते चामड्याचे मोजे स्वयंपाकघरात आहेत. गरम कढई उतरवायला उत्तम.

मग श्रीदेवी आमच्या दुकानात आली. हातात घडी घातलेला आलेखाचा कागद. नारायणस्वामी तमिळमध्ये बोलत होते, ती पुस्तकातून शिकल्यासारख्या तमिळमध्ये.

"कुणासाठी, अम्मा?"

"मुलीसाठी. सहा वर्षांची आहे. बागकामाला."

"मुलगी कुठे?"

"घरी. इथे धूळ असते ना." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन ती घाईनं म्हणाली, "म्हणजे तुमच्या दुकानात नाही हो. रस्त्यावर."

नारायणस्वामींनी पेंडीच्या पोत्यांकडे पाहिलं, भुशाच्या विटांकडे पाहिलं, आणि फडक्यानं गल्ला पुसला. तिनं कागद उलगडला.

"हे काय? घराचा नकाशा?"

"हात आहे. मुलीचा. झोपेत काढला, जागेपणी ती बोटं हलवते. एक चौकोन म्हणजे एक सेंटिमीटर."

"अम्मा," ते म्हणाले, "हात काय कुणी घरी ठेवून येतं? हात घेऊन या. मी बघतो."

पण कागद पाहिल्यावर त्यांनाही राहवेना. चष्मा लावून, टेप काढून, त्यांनी अंगठा सोडून तळव्याची रुंदी मोजली, मधल्या बोटाची लांबी मोजली, आणि माझ्या खालच्या खिळ्यावरचा जोड काढून कागदावर ठेवला. रेघेला रेघ. "चार नंबर. बघा, डब्याला झाकण बसावं तसा बसला."

"ती आतली रेघ," श्रीदेवी म्हणाली. "बाहेर तुटक रेघ आहे ना, ती धरा."

"ती कसली?"

"वाढीव. पेन्सिलीची जाडी, उन्हात हात थोडा सुजतो तेवढं, आणि वाढ."

नारायणस्वामींनी चष्मा काढला. "युनिफॉर्म वाढीव घ्या. चप्पल घ्या, एक बोट जास्त. हातमोजा नाही, अम्मा. बोटापुढे रिकामी जागा राहिली की बोट आंधळं होतं."

"पण सहा महिन्यांत हात वाढतो हो."

"मग सहा महिन्यांनी या. मी कुठे चाललोय?"

माणूस बरोबर सांगत होता, हे खिळ्यावरून मलाही कळत होतं. पण श्रीदेवीच्या कानात तिच्या आईचा आवाज होता, सोलापूरचा, चाळीस वर्षं न बदललेला: वाढत्या अंगाचं घे ग. त्या घरात मापाचं कुणी काही घेतलंच नव्हतं. श्रीदेवीच्या दहावीच्या फोटोत तिच्या स्कर्टच्या घेरावर उसवलेल्या दुमडींच्या तीन रेघा दिसतात. मापाचं घेणं म्हणजे मुलगी वाढणार नाही असं म्हणण्यासारखं. तिनं वरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. माझ्याकडे.

"मूठ वळून बघायला सांगा तिला," पिशवीत घालताना नारायणस्वामी म्हणाले. "मूठ वळताना टोकं दुमडली तर परत आणा. बदलून देईन."

ते वाक्य श्रीदेवीनं ऐकलं, पण ठेवून घेतलं नाही.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा गच्ची पाहिली. समुद्राकडून वारा येत होता. कढीपत्ता, अबोली, मेथीचे दोन पसरट टब, आणि रंगाच्या जुन्या डब्यांत वांग्याची रोपं. तीन डब्यांवर खडूनं 'कमू' लिहिलेलं. या सगळ्याची मालकीण म्हणजे अन्नपूर्णाबाई, श्रीदेवीच्या सासूबाई, कमूची आज्जी. त्यांचं घराणं तंजावरच्या जुन्या मराठी मंडळींचं. त्यांची मराठी जुन्या दागिन्यासारखी, मध्येमध्ये तमिळचे मणी ओवलेले. त्यांनी मला उचललं, बोटं ओढून पाहिली.

"हे कशास ग, श्रीदेवी? बदकाची चोच की काय?"

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी हातास घाल म्हटलं. हे कोपरास येतंय."

"थोडे मोठे आहेत. होतील बरोबर. कमू, छान बसलेत ना ग? छान बसलेत."

कमूनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

तिचा हात माझ्यात आला तो क्षण मी विसरणार नाही. धातूच्या थंड हातानंतर हा एवढासा, कोमट, खरखरीत हात. बोटं चाचपडत वर आली आणि माझ्या टोकापासून दीड-दोन पेरं अलीकडेच संपली. माझी पाचही टोकं रिकामी. मी आपल्या परीनं अंग चोरून पाहिलं, पण विणलेल्या वस्तूला ते जमत नाही.

एक मात्र खरं, हात कोरडा राहिला. सुती होतो, पाठ उघडी होती. वीस मिनिटांनी श्रीदेवीनं मला काढून कमूचे हात पाहिले, त्यांचा वास घेतला, पुन्हा पाहिले. लाली वाढली नव्हती. ती इतकी खूश झाली की मला उलटं करून धुतलं आणि चिमटे लावून दोरीवर टांगलं. आपली निवड अचूक ठरली असं तिला वाटलं. मलाही वाटलं असतं, मी आतून पाहिलं नसतं तर.

आतून मी पाहत होतो ते असं. मेथीचं बी चिमटीत धरता येईना. माझं रिकामं टोक आधी वाकायचं आणि बी उडून जायचं. झारीची कडी निसटायची. अंगठा मध्येच फिरून पाठीवर यायचा. आणि कमू दर वेळी खाली वाकून, आईला दिसणार नाही असा, दातांनी धरून मला पुन्हा वर ओढायची. बोलणं कमी होऊ लागलं. कामात एवढा जीव अडकला की गोष्टी सांगायला तो उरेना.

मग रोपं हलवायचा दिवस आला. अन्नपूर्णाबाईंची रीत अशी: खुरपं नाही, काडी नाही. अंगठ्यानं मातीत खळगा करायचा, रोप ठेवायचं आणि मानेभोवती तीन बोटांनी माती दाबत जायची, करंजीची कड दाबतात तशी. जोर किती, हे बोटालाच कळतं. सांगता येत नाही. वांग्याचं कोवळं रोप जरा जास्त दाबलं की मोडतं, जरा कमी दाबलं की समुद्राच्या वाऱ्यानं आडवं होतं.

कमूनं पहिलं रोप ठेवलं. दाबलं. मी मध्ये होतो, माझी रिकामी टोकं मध्ये होती, तिला कळलंच नाही. कट्. दुसरं. कट्. तिसऱ्याला तिनं श्वास धरून, जिभेचं टोक बाहेर काढून, अगदी हळू दाबलं. माझ्या तर्जनीचा दुमडलेला पदर देठावर आला. कट्.

"पोदुम, कण्णा," आज्जी म्हणाल्या. "पुरे. उद्या करू."

कमू रडली नाही. मला काढलं, डब्याच्या काठावर नीट ठेवलं आणि जिना उतरली. दारात श्रीदेवी होतीच.

"काय झालं? खाजतंय? घाम आला? दाखव बघू."

"मला नको."

"हातमोजे नकोत?"

"झाडं नकोत."

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सोफ्यावर बसून टॅबवर काहीतरी पाहत राहिली, ओठ मिटून. आणि गंमत म्हणा किंवा काय म्हणा, तिचे हात झपाट्यानं बरे होऊ लागले. श्रीदेवी रोज ते गुळगुळीत तळवे पाहायची आणि तिला हसावं की काय करावं ते कळत नसे. डॉक्टरीणबाईंकडे जायला पाच दिवस होते. दाखवायला हात अगदी छान होते. त्यांच्याकडून काही होत नव्हतं, एवढंच.

चौथ्या दिवशी अन्नपूर्णाबाईंनी जिन्यातून हाक मारली.

"श्रीदेवी, वर ये. वीस रोपं उरलीत. आज नाही लावली तर जातील. कमू येत नाही, तू ये."

"मला येत नाही, आई. मी मोडीन."

"मोडलं तर मोडलं. मजकडून मोडत नाही काय? लग्न होऊन आलीस तेव्हापासून, आठ वर्षं, दारात उभी आहेस. दार काय पळून जातंय?"

श्रीदेवी गच्चीवर आली. ओल्या मातीकडे पाहून तिचे हात आपोआप पदराआड गेले. तिलाही माती आवडत नाही, हे तेव्हा मला कळलं. तिच्या नखात माती गेली की ती तीनदा हात धुते. अन्नपूर्णाबाईंनी ते पाहिलं आणि डब्याच्या काठावरून मला उचलून तिच्याकडे टाकलं. "कमूचं ते घाल मग. रिकामंच बसलंय."

तिनं मला हातात घातलं.

काय सांगू! बोटं वर येत गेली, येत गेली, आणि थेट टोकापर्यंत पोचली. पाचही. अंगठ्याचा खळगा अंगठ्यापाशी. तळव्याच्या घडीवर माझी घडी. जन्मल्यापासून पहिल्यांदा मी पुरता भरलो. तिनं मूठ वळली. काही दुमडलं नाही. बोटं पसरली, काही ताणलं नाही. मग ती तशीच उभी राहिली, स्वतःच्या हाताकडे बघत.

अन्नपूर्णाबाई मोठ्यानं हसल्या. "बसलं की ग तुज! स्वतःसाठीच आणलंस होय?"

श्रीदेवी तिथूनच वळली. मला हातात घालूनच ती जिना उतरली. आलेखाचा तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली होता. तिनं मला काढलं आणि उघडा पंजा कागदावर ठेवला. आतल्या रेघेतला हात झाकून गेला. बाहेरची तुटक रेघ मात्र तिच्या बोटांच्या कडेनं, वळणावळणाला, बरोबर फिरली होती. लेकीच्या हाताभोवती तिनं जेवढी काळजी वाढवली होती, ती मिळून एक हात झाला होता. तिचा स्वतःचा.

ती तिथेच फरशीवर बसली. थोडी हसली, थोडं नाक ओढलं. मग सोफ्याकडे गेली.

"कमू, हातमोजे मोठे होत होते का ग तुला?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

कमूनं टॅबवरून मान वर केली. "तू म्हणालीस ना, छान बसलेत."

श्रीदेवीनं टॅब बंद केला. "चप्पल घाल," ती म्हणाली. "आपल्याला एके ठिकाणी जायचंय. धूळ आहे तिथे. असू दे."

मी पिशवीतून सोबत गेलो, परत देण्यासाठी. नारायणस्वामींनी कमूला पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. "आला, हात आला! बसा." त्यांनी चार नंबरचा तो जोड काढला. अजून तिथेच होता. मग कमूची परीक्षा सुरू झाली. मूठ कर. झाली. बोटं फाकव. फाकवली. टाळी वाजव. वाजवली. शेवटी त्यांनी एका पाकिटातून टोमॅटोचं एक बी गल्ल्यावर ठेवलं. "हे उचल."

पहिल्यांदा निसटलं. दुसऱ्यांदा निसटलं. मी पिशवीत श्वास धरून. तिसऱ्यांदा तिनं ते चिमटीत धरलं, उजेडाकडे नेऊन पाहिलं आणि परत पाकिटात टाकलं.

"तुमचा नंबर किती?" तिनं विचारलं. तमिळमध्ये, स्पष्ट, अनोळखी माणसाला. श्रीदेवीनं गल्ल्याची कड धरली.

"माझा?" नारायणस्वामींनी आपला पंजा पुढे केला. "या हाताचा नंबर कुणी छापतच नाही, बाळ. बैलाचा हात आहे हा."

"मग तुम्हाला माती लागते?"

"रोज."

"तुम्ही खाजवता?"

"मी नाही. माझी बायको ओरडते."

कमू हसली. जाताना त्यांनी मला परत मागितलं, तेव्हा श्रीदेवी म्हणाली, "हा जोड राहू द्या." आणि कान लाल करून पुढे म्हणाली, "मला बसतो."

उरलेल्या वीस रोपांतली सतरा जगली. दोन श्रीदेवीनं मोडली, एक कमूनं. कमूनं आपलं एक आणि आईची दोन, असं शाळेतल्या बाईंना इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी हात पाहिले, हातमोजे पाहिले, चालू ठेवा म्हणाल्या: वीस मिनिटं, मग काढून हवा, आणि रोज उलटे करून धुवायचे.

याला आता सात महिने झाले. माझं म्हणाल तर बरं चाललं आहे. तळव्याचा हिरवा रंग उडालाय, तर्जनीला भोक पडलं होतं ते अन्नपूर्णाबाईंनी काळ्या दोऱ्यानं शिवलंय. टाका जरा ओबडधोबड, पण आतून गाठ ठेवली नाही, त्यांना कळतं. श्रीदेवी आधी मातीत बोट घालण्यापूर्वी मला दोनदा मनगटाकडे ओढून घ्यायची. हल्ली ओढत नाही, सरळ रोप उचलते. ती अजूनही हात तीनदा धुते. अन्नपूर्णाबाई अजूनही मला बदक म्हणतात.

हातमोज्याला फार काही मागता येत नाही. तरी एक सांगून ठेवतो. आम्हाला घ्यायला याल तेव्हा हात सोबत आणा, ज्याचा आहे त्याचा. मूठ वळून बघा, एक बी उचलून बघा. उन्हाळ्याच्या देशात आतून सुती घ्या, पाठ उघडी घ्या. आणि मूल "छान आहे" म्हणालं तर ते कुणाकडे बघून म्हणालं, तेही बघा. पुढच्या वर्षीचा हात पुढच्या वर्षी येईल. तोवर आजच्या हाताला आपली टोकं सापडू द्या. मी चुकीच्या हातासाठी आलो आणि बरोबर हातात पोचलो. सगळ्यांचं असं होत नाही. कित्येक जोड वाढायची वाट पाहत कपाटातच कडक होतात.

आज रविवार. सकाळीच श्रीदेवीनं पाहिलं की चार नंबरच्या मोज्यांचा कमूच्या मनगटावर वळ उठतोय. बोटांची टोकं टम्म. संध्याकाळी दुकानात जायचं ठरलंय, तिघी मिळून. पण तरी गच्चीवर नव्या वाफ्यापाशी बसल्या बसल्या श्रीदेवीचे प्रश्न सुरू झाले. दुखतंय का? कधीपासून? सांगितलं का नाहीस? पाच नंबर घ्यायचे की थेट...? 'सहा' तिच्या ओठांवर आलं होतं. मला आतून कळलं. तिनं ते गिळलं.

कमूनं आपला घट्ट मोजा ओढून काढला. मग उघडा पंजा श्रीदेवीच्या पंजावर, म्हणजे माझ्यावर, ठेवला. मनगटाला मनगट, तळव्याला तळवा. तिची बोटं माझ्या टोकापासून एक पेर खाली थांबली. ती मला घालायची तेव्हा दीड-दोन होती. तिनं ते अंतर दुसऱ्या हाताच्या चिमटीत मोजलं. श्रीदेवीनं या खेपेस तिला मोजू दिलं. तेव्हा कमू म्हणाली,

"अम्मा, तू आता वाढू नकोस हं. आहेस तिथंच थांब. मी येते."